सातव्या ग्रीनवरची बादली

१

वना माळी गेला तो सातव्या ग्रीनवर, आणि गेला तेव्हा बादलीची कडी त्याच्या मनगटात अडकलेली होती.

वैशाखाचा महिना आणि धुळ्याचं ऊन. दुपारभर पांझरेकाठच्या त्या माळावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. उन्हं कलल्यावर क्लबातली चार मंडळी काठ्या घेऊन खेळायला निघाली, तेव्हा त्यांना तो दिसला. पालथा पडलेला, तोंड गवतात, बादली कलंडलेली. डॉक्टर आले, पापणी उघडून पाहिली आणि म्हणाले, ऊन लागलं. त्यावर कुणाचंच दुमत नव्हतं.

बोलणं सुरू झालं ते गवतावरून. परवापर्यंत जी हिरवळ बघायला गावातल्या बायका पोरंबाळं घेऊन येत होत्या, ती या काठापासून त्या काठापर्यंत तांबूस करपली होती. रोज पाणी पिणारी हरळी नुसत्या उन्हाने अशी मरत नाही, हे काय कुणाला सांगायला हवं? मग लोकांनी आपापसात जमवून टाकलं. बादलीत मिठाचं पाणी होतं, वनानेच ते ओतलं, आणि ओतता ओतता देवाने त्याला गाठलं.

वना असं का करेल? त्याचंही उत्तर लोकांकडे तयार होतं. नव्या आराखड्यात त्याचं घर पडणार होतं.

हा आराखडा काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. साल एकोणीसशे छप्पन्न. साहेब लोक गेले आणि त्यांचा गोल्फ मागे राहिला. क्लबाच्या माळावर नऊ होल होते. होल म्हणजे नुसतं भोक नव्हे. जिथून पहिला फटका मारायचा ती टी, मधलं मैदान आणि शेवटी भोक असलेली गुळगुळीत जागा, म्हणजे ग्रीन, या सगळ्याला मिळून होल म्हणतात. त्यातला सातवा होल म्हणजे क्लबाची लाज होती. सरळसोट वाट, मध्ये नाला. ज्याच्या दंडात जोर तो एका फटक्यात नाल्यापलीकडे, डोक्याचं काम नाही. शेवटी गवत नाहीच, तेल मिसळलेली वाळू पसरलेली, आणि पावसाळ्यात तिथे म्हशी बसाव्यात इतकं पाणी साचायचं.

क्लबाचे सेक्रेटरी अभिमन नाना यांनी हे मनावर घेतलं. नाना पाटाखालचे पिढीजात बागाईतदार, पण चित्राचा हात देवाने दिलेला. त्यांनी शेवटची जागा डावीकडे नाल्याच्या वळणावर नेली, जुन्या निंबाच्या सावलीला. उजव्या अंगाला वाळूचा खोल खड्डा ठेवला, त्याला बंकर म्हणतात. आता खेळणाऱ्याने विचार करायचा. धाडस करून नाल्यावरून मारायचं आणि चुकलं तर वाळूत रुतायचं, की डावीकडून वळसा घेऊन दोन फटक्यांत सुखरूप पोचायचं? जमिनीतही खाली दगड, वर वाळू, त्यावर माती असे थर दिले, म्हणजे पाणी तुंबायला नको. त्यावर वनाने हरळीची मुळं एकेक करून लावली. ही सातवी ग्रीन. येत्या रविवारी कलेक्टरसाहेबांच्या हस्ते तिचं उद्घाटन व्हायचं होतं.

एका माणसाला हे पसंत नव्हतं. क्लबाचे अध्यक्ष लीलाधर शेठ, जिनिंगवाले. त्यांच्या एका सरळ दणक्यावर क्लबाचा कप वर्षानुवर्षं त्यांच्या घरी राहिला होता. ते म्हणाले, "खड्डा करता तर करा, पण मग टी तरी मागे न्या. लांबून मारणाऱ्याला काही मोल राहू द्या." मागे, म्हणजे नेमकं जिथे वनाचं घर होतं तिथे.

२

शुक्रवारी सकाळी लीलाधर शेठांची मोटार चुडामण आबांच्या दारात उभी राहिली.

आबा म्हणजे निवृत्त फौजदार. अंगाने वाळलेले, स्वभावाने तिखट, आणि तंबाखूची चिमूट मळल्याशिवाय कुणाचं बोलणं ऐकायचे नाहीत. चुन्याची डबी काढून त्यांनी शेठांना बसायला सांगितलं.

"आबा, रविवारी सकाळी कमिटीपुढे तुम्ही एकदा बोला. बास." शेठ म्हणाले. "तुमच्या शब्दापुढे कोणी जात नाही."

"काय बोलू?"

"हेच, की वनाने केलं. घर तर रिकामं करून घ्यायचंच आहे. उगाच विधवेला रस्त्यावर काढलं असं क्लबाचं नाव नको व्हायला."

"म्हणजे घर तुम्हाला हवं आणि पाप त्याच्या माथी हवं."

शेठ ओशाळले, पण उठले नाहीत. "तसं नाही हो. पण केलं तर त्यानेच ना? दुसरं कोण करणार?"

"ते बघून सांगतो," आबा म्हणाले. "न बघता बोलायचे दिवस मी नोकरीतच संपवले."

मोटार गेली. धूळ बसली तेव्हा आबांना दिसलं, कुंपणाच्या कडेला एक बाई उभी होती. वनाची बायको शेवंताबाई. कपाळ मोकळं, डोळे कोरडे. किती वेळ उभी होती कोण जाणे. सगळं ऐकलेलं असणार.

"ये, बस," आबा म्हणाले.

ती बसली नाही. "आबा, मना मालकनी गवत मारं नही."

"घराचं मी बघतो बाई. शेठ काय, थोडं दरडावलं की—"

"माले घर नही जोयजे, आबा." ती हळूच म्हणाली. "त्यानं नाव जोयजे. लोके म्हनतस, देवनी मारं त्याले. मी काय तोंड दाखाडू?"

आबांच्या तळहातावरची तंबाखू तशीच राहिली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्यापुढे माणसं जमिनीसाठी रडली, दागिन्यांसाठी रडली. मेलेल्या माणसाचं नाव मागायला आलेली ही पहिलीच. त्यांना गलबलून आलं, आणि आपल्याला गलबलून आलं याचा रागही आला.

"रविवारी सकाळी क्लबात ये," ते म्हणाले. "खरं जे असेल ते तुझ्यासमोर सांगेन. वनाने केलं असेल तरीही सांगेन. चालेल?"

"चाली," ती म्हणाली, आणि एकदाही मागे न बघता गेली.

३

आबा सातव्या ग्रीनवर पोचले तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. शेवंताबाईचं घर तिथून दिसत होतं, दार लोटलेलं. प्रेत उचलल्यावर मागे कुणी काही हलवलं नव्हतं. क्लबातली मंडळी मेलेल्या माणसाच्या जागेवर पाय द्यायला कचरत होती. बादली निंबाला टेकवून ठेवलेली, तिच्या कडीला विहिरीचा दोर अजून बांधलेला.

आबांनी चपला काढल्या. लोकांनी रिवाज म्हटलं असतं. आबांना पायाखालची जमीन कळायला हवी होती.

पहिली गोष्ट दिसायला त्यांना वाकावं लागलं. वरच्या अंगाला, जिथे वना पडला होता तिथून मागे, एक हातभर रुंदीचा पट्टा बाकीच्या ग्रीनसारखा मेलेला नव्हता. करपलेल्या पानांच्या बुडातून बारीक हिरवे कोंब वर आले होते. पट्टा वाकडातिकडा होता, बादली धरून चालणाऱ्या माणसाच्या वाटेसारखा, आणि तो वना पडला तिथेच थांबला होता.

"हात्तिच्या!" आबा मोठ्याने म्हणाले. आसपास ऐकायला कुणी नव्हतं.

बादलीतून विष ओतलं असतं तर तिथलं गवत सगळ्यात आधी मेलं असतं. मेलं बाकीचं सगळं, आणि वाचलं ते जिथे बादली रिती झाली तेवढंच. तो माणूस गवत मारत नव्हता, धूत होता! भर दुपारी, विहिरीतून हाताने शेंदून, एकेक बादली ओतत होता.

मग मारलं कुणी, आणि कशाने?

आबा गुडघे टेकून शोधत राहिले. निंबाची वाळलेली पानं ग्रीनच्या कडेला साचली होती. ती उचलल्यावर खाली पांढरे कण सापडले, साखरेसारखे. एक जिभेवर ठेवला. खारट, पण मिठाची खार ही नव्हे. जीभ आंबटसर चुरचुरली. त्यांनी चुन्याची डबी काढली, थोडा चुना तळहातावर घेतला, त्यात चिमूटभर कण टाकून बोटाने मळले आणि हात नाकाशी नेला. असा झणका बसला की डोळ्यांत पाणीच आलं. गोठ्यातला मुताचा दर्प, पण दसपट.

विलायती खत! सरकारी गोदामातून मिळतं ते पांढरं सल्फेट. चुना लागला की हा दर्प सुटतो, हे तंबाखू खाणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक. खताच्या हाताने एकदा चिमूट मळली की जन्माची आठवण राहते.

आता आबा उभे राहिले आणि सगळी ग्रीन एका नजरेत घेतली. करपा एकसारखा नव्हता. त्यात अर्ध्या कोयरीसारखे वळसे होते, एकाशेजारी एक, ओळीने. टोपली कमरेला धरून, पावलागणिक मूठ फेकत चालणाऱ्या हाताचे ते वळसे. ओळी काठापर्यंत येत होत्या आणि तिथून वळून परत जात होत्या. काठाबाहेर एक कण गेला नव्हता. बाहेरची हरळी जशीच्या तशी.

वैऱ्याचा हात इतका जपून चालतो होय? वैरी ओततो आणि पळतो. इथे तर कुणीतरी सगळी ग्रीन निगुतीने पालथी घातली होती.

आबांनी चपला घातल्या. मन सुटकेऐवजी जड झालं होतं, आणि का ते त्यांना अजून कळत नव्हतं.

४

पाटकरी झुलाल बंधाऱ्याच्या मोरीपाशी भेटला. पांझरेवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड, म्हणजे त्या एकाच पाटावर भिजणाऱ्या शेतांचा पट्टा. फडातल्या सगळ्या शेतांना पाणी देणारा हा एकटा झुलाल. क्लबाच्या हौदालाही पाटाचंच उरलेलं पाणी जायचं, आणि त्यावरून वनाची नि त्याची भांडणं सगळ्या माळाने ऐकलेली.

आबांनी इकडचं तिकडचं विचारलंच नाही. "मंगळवारी, मरायच्या आधी, वना तुझ्याकडे आला होता."

झुलालच्या हातातलं फावडं खाली टेकलं. "तुमले कोनी सांगं?"

"हौद कोरडा आहे. बादलीला विहिरीचा दोर आहे. तुझ्याकडे मागून मिळालं असतं तर त्याने विहिरीतून कशाला शेंदलं असतं?"

झुलाल मोरीच्या कडेला बसला. मग म्हणाला, "उना व्हता, आबा. भर दुपारले. पळत उना. म्हने, हौदले पानी सोड, नहीते बठ्ठं जाई. पन पाळी ऊसनी व्हती. हौदनी पाळी गुरवारले. मी नही म्हनं." त्याने मान खाली घातली. "नियम शे, आबा. आज त्याले दिधं तर उद्या बठ्ठा फड मना दारमा."

"हे कुणाला बोलला नाहीस?"

"काय बोलू? मी पानी नही दिधं नि तो मरी गया, हाई बोलू?"

आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

लीलाधर शेठ जिनिंगच्या ऑफिसात होते. आबांनी विचारायच्या आत त्यांनीच सांगून टाकलं. "हो, सोमवारी सकाळी मीच वनाला म्हटलं, सातव्याला दोन दिवस पाणी बंद. जमीन जरा कडक होऊ दे, साहेबांचा चेंडू रुतायला नको. सगळ्यांदेखत सांगितलं."

"सगळे म्हणजे?"

"अख्खी कमिटी होती. फक्त नाना नव्हते. ते पहाटेच्या गाडीने जळगावला गेले होते, कपावर नाव कोरून घ्यायला. मंगळवारी रात्री परत आले ते थेट प्रेतापाशी."

"शेठ, तुमचा फैजपूरकडे केळीचा मळा आहे ना? विलायती खत वापरता?"

"पोत्यांनी. का?" शेठांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू बदलला. "आबा, मला तो बंकर आवडत नव्हता, खरं आहे. चारचौघांत बोललोही आहे. पण कलेक्टरला बोलावून मी माझ्याच क्लबाची शोभा करून घेईन?"

आबा उठले.

अभिमन नानांच्या घरी त्यांना विचारावं लागलं नाही, नानाच बोलत राहिले. दोघे शाळेपासूनचे सोबती. नाना खाटेवर पडून होते, डोळे खोल गेलेले. शेजारी भिंतीला सातव्या होलचं त्यांनी रंगवलेलं चित्र: निंब, नाल्याचं वळण, हिरवीगार ग्रीन.

"चुडामण, किती जीव लावला होता रे त्या जागेला. वनाने आणि मी. भांडायचो आम्ही. मी म्हणायचो, जरा विलायती दे, रंग कसा गर्द येतो बघ. तो म्हणायचा, नाही नाना, शेणखतच बरं. ऐकायचाच नाही." नानांनी डोळ्यांवर हात ठेवला. "नेमकं त्या दोन दिवशी त्याने पाणी का दिलं नाही? रोज देतो, त्याच दिवशी का नाही? पाणी मिळालं असतं तर उलट आणखी गर्द झाली असती."

आबांनी मान हलवली. चहा आला, त्यांनी तो अर्धाच घेतला.

दारातून बाहेर पडेपर्यंत ते वाक्य त्यांच्या मागे मागे आलं.

५

घरी जायची सरळ वाट सोडून आबा फडाच्या कडेने निघाले. बाप मेल्यापासून त्यांनी शेतात पाय घातला नव्हता, पण बारा पिढ्या याच पाटाखाली गेलेल्या. पाय आपोआप बांधावर चालत होते.

उसाच्या एका वाफ्यात कुणी शेतकरी खत फेकत होता. टोपली कमरेला, पावलागणिक मूठ, हाताचा तोच वळसा. शेवटची ओळ झाली. त्याने टोपली झटकली, पाटाच्या कडेला हात धुतले, रुमाल खांद्यावर टाकला आणि घराकडे चालू लागला. पाण्याकडे त्याने बघितलंदेखील नाही. कशाला बघेल? फडात आपल्या शेताला आपल्या हाताने पाणी घेणं म्हणजे गुन्हा, दंड भरावा लागतो. मालकाने खत टाकायचं आणि जायचं. पाणी ज्याचं काम तो देतो. पिढ्यानपिढ्या देत आलाय. थोड्या वेळाने झुलाल आला, फावड्याने मोरी फोडली, आणि पाणी उसात शिरलं.

आबा बांधावर बसले.

"अरे देवा," ते म्हणाले. "अरे अभिमन, अभिमन!"

६

रविवारी सकाळी क्लबाच्या व्हरांड्यात कमिटी जमली. कलेक्टरसाहेब यायला अवकाश होता. शेवंताबाई पायऱ्यांपाशी उभी, झुलाल खांबाआड. नाना खुर्चीत बसले होते, दाढी वाढलेली.

"सांगा आबा," लीलाधर शेठ म्हणाले.

आबा उभे राहिले. "वनाने हिरवळ मारली नाही. तो ती वाचवताना मेला."

आणि त्यांनी सांगितलं. वाचलेला पट्टा सांगितला, मग मागितलेलं पाणी. इथे झुलाल खांबाआडून पुढे आला आणि स्वतःच्या तोंडाने म्हणाला, "मी दिधं नही." शेवंताबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. पाच दिवसांत ती पहिल्यांदा रडली.

"मग मारलं कुणी?" कुणीतरी विचारलं.

"विलायती खताने. ओल्या गवतावर खत पडलं आणि वर पाणी मिळालं नाही, तर ते पान जाळतं. खत रविवारी संध्याकाळी पडलं, वना पाणी देऊन घरी गेल्यावर. सोमवारपासून पाणी बंद. मंगळवारी दुपारी वनाने हिरवळ पिवळी पडताना पाहिली, आणि काय झालंय ते ओळखलं."

सगळ्यांच्या नजरा शेठांकडे गेल्या. पाणी बंद करायचा हुकूम त्यांचा, केळीच्या मळ्यात खताची पोती त्यांची. शेठांनी खिशातला रुमाल काढला.

"शेठ नव्हेत," आबा म्हणाले. "पहिल्यांदा मलाही तेच वाटलं. पण ज्याला मारायचं असेल तो पाणी बंद केल्याचं आपणहून सांगत सुटणार नाही. आणि खत ज्याने फेकलं त्याला मारायचं नव्हतंच. एक कण काठाबाहेर जाऊ न देता फेकलंय. घरच्या शेतातही माणूस इतकं जपत नाही. मुलाला न्हाऊ घालावं तसं केलंय ते."

आबांनी झुलालकडे हात केला.

"केळीवाला शेतकरी खत टाकलं की लगेच पाणी सोडतो, विहीर त्याची, दोर त्याचा. झुलाल तर स्वतःच पाणी देणारा. खत टाकून, हात धुऊन, निर्धास्त घरी जाणारा माणूस एकच, तो म्हणजे फडाचा शेतकरी. पाणी दुसरा देतो हे त्याच्या रक्तात असतं. मी त्यातलाच आहे, मला माहीत आहे. आणि पाणी बंद झालंय हे ज्याला माहीत नव्हतं, असाही क्लबात एकच होता."

आबांचा आवाज इथे अडखळला. एका अट्टल खुन्याला फासापर्यंत नेताना तो अडखळला नव्हता.

"पाणी मिळालं असतं तर उलट आणखी गर्द झाली असती, असं परवा एकजण मला म्हणाला. विषाला पाणी घातलं तर गवत गर्द होतं का? खताला घातलं तर होतं. खत पडलंय हे तेव्हा मला ठाऊक होतं, आणि ज्याने टाकलं त्याला."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

नाना उठले. कुणाचा हात घेतला नाही. ते पायऱ्या उतरले आणि शेवंताबाईसमोर उभे राहिले.

"मी टाकलं," ते म्हणाले. "वना ऐकत नव्हता, म्हणून त्याला न सांगता टाकलं. म्हटलं, परत येईन तेव्हा रंग बघून तोच हसेल. जळगावात दोन दिवस मी त्याच रंगाचा विचार करत होतो. परत आलो तर तो... आणि लोक त्याला नावं ठेवत होते, आणि मी गप्प बसलो. मला भीती वाटली. पाच दिवस गप्प बसलो."

शेवंताबाईने त्यांच्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं नंतर आबांना कितीदा वाटलं.

"नाना," ती म्हणाली, "एक सबद सांगी जातात त्याले. त्यानी रातभर पानी दिधं असतं."

७

कलेक्टरसाहेब आले. त्यांना ग्रीन दाखवायला नानाच घेऊन गेले, आणि करपलेल्या हिरवळीवर उभं राहून, सगळ्यांसमोर, वनाचं नाव घेऊन जे घडलं ते सांगितलं. साहेबांनी टोपी काढली. उद्घाटन झालं नाही.

कायद्यात याला कलम नाही. आबांनी रात्री जागून शोधलं असं कुणी म्हणेल तर ते खोटं. त्यांना आधीच माहीत होतं. त्यांनी फक्त एवढं केलं, की वाटेत कुणी वनाबद्दल वाकडं बोललं तर तिथेच उभं करून त्याला सगळी हकीकत पहिल्यापासून ऐकवली. गावाने ऐकली.

टी मागे नेण्याचा विषय लीलाधर शेठांनी स्वतःच कमिटीतून काढून टाकला. घर राहिलं. ग्रीन खोदून नवी माती घालावी असंही ठरत होतं, पण नाना म्हणाले, वाचलेल्या पट्ट्याला कुदळ लागू देणार नाही. हरळी पसरते, त्या पट्ट्यापासूनच पसरू द्या.

त्यानंतर रोज पहाटे सातव्या ग्रीनवर एक म्हातारा दिसायचा. ज्याच्या घराण्यात कधी कुणी आपल्या हाताने पाणी घेतलं नाही, तो विहिरीवर दोराने पाणी शेंदायचा, बादली उचलायचा, हाताला फोड यायचे, अर्धं पाणी पायांवर सांडायचं. लोकांना वाटलं दोन दिवसांचं खूळ. उन्हाळा सरत आला तरी थांबलं नाही. आबा कधी कधी निंबाखाली येऊन बसत, तंबाखू मळत, मदतीला उठत नसत.

शेवंताबाई दारातून बघायची. बोलायची नाही. नानाही बोलायची हिंमत करत नसत.

एके दिवशी नानांनी बादली पट्ट्याच्या मधोमध उपडी केली आणि पाण्याने कोवळ्या मुळांवरची माती वाहून गेली. शेवंताबाई घरातून बाहेर आली. आबा निंबाखाली सावरून बसले.

"तसं नही, नाना," ती म्हणाली. तिने त्यांच्या हातातली बादली घेतली, वनाची बादली, आणि उरलेलं पाणी पट्ट्याच्या कडेकडेने सोडलं. "मझार नका टाकू. कडेकडेथून टाका. तो असाच टाके."

आणि तिने बादली त्यांना परत दिली.